तीनदा निघालेली चिठ्ठी

आमच्या मोहन्यातून हाजी मलंगला जायचे म्हणजे आधी आंबिवली स्टेशन, मग कल्याण, आणि तिथून नेवाळीमार्गे पंधराएक किलोमीटरवर गडाचा पायथा. पायथ्यापर्यंत सगळ्यांचे एकमत असते. पायऱ्या लागल्या की दोन वाद सुरू होतात: आधी कुणाचे गुडघे बोलले, आणि गड कुणाचा. पहिल्यावर लिंबू सरबताचा इलाज आहे. दुसऱ्याची हकीकत सांगतो.

मजारीवर जावे की नाही, यावर वाचकांच्या घरांत दोन मते असतील. आमच्याही घरात आहेत. या खेपेला एक मत वर चढले आणि दुसरे चहाच्या टपरीवर बसून राहिले.

बाबांचे नाव हाजी अब्दुर्रहमान, येमेनहून आलेले. नल राजाच्या काळात ते इथे आले आणि राजाने आपली मुलगी त्यांना दिली, असे लोक सांगतात. तिचीही मजार, माँ फातिमाची, शेजारीच आहे. म्हणजे आख्यायिकेप्रमाणे हे प्रकरण सोयरिकीपासून सुरू होते, आणि सोयरे म्हटले की भांडणे आलीच!

१७८० मध्ये इंग्रज फौज कल्याण भागात आली. पुढे ती निघून गेली. हे बाबांच्या प्रतापाने झाले असे मराठ्यांना वाटले आणि त्यांनी कल्याणचे ब्राह्मण काशिनाथपंत केतकर यांच्या हाती चादर-नजराणा पाठवला. पंतांनी पाहिले तर दर्गा मोडकळीला आलेला. त्यांनी दुरुस्ती केली आणि कारभारही हाती घेतला.

पुढे काही मुसलमानांनी हरकत घेतली की ब्राह्मणाने दर्गा का सांभाळावा? १८१७ मध्ये ठरले की बाबांची मर्जी चिठ्ठ्या टाकून पाहायची. आमच्या वर्गात मॉनिटर चिठ्ठीने निवडला की मुले ओरडतात, "सर, पुन्हा!" तिथेही असेच कुणी ओरडले असावे, कारण चिठ्ठी तीनदा काढली गेली. तिन्ही वेळा पंतांच्या प्रतिनिधीचेच नाव निघाले आणि तोच वहिवाटदार जाहीर झाला. हे सारे १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात छापलेले आहे. त्या भांडणात किल्ल्या कुणाकडे, एवढाच प्रश्न होता. बाबा कोण, हे कुणी विचारले नाही.

उर्साचेही तसेच. हिजरी तारखेचा उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मलंगबाबांचा मात्र माघी पौर्णिमेला. आमच्या गल्लीतली दादीअम्मा त्यासाठी कालनिर्णयच काढते.

बाबा कोण, हा प्रश्न १९८० च्या दशकात आला. ही जागा मच्छिंद्रनाथांची आहे, असे सांगत आनंद दिघे यांनी आंदोलन उभे केले. १९९६ मध्ये ते वीस हजार शिवसैनिक घेऊन पूजेला गेले, तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशीही त्या पूजेला होते. जानेवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडाच्या 'मुक्ती'ची भाषा केली. फौजेच्या तडाख्यातून सुटलेल्या बाबांना आता कुणापासून सोडवायचे, हे टपरीवर बसलेल्या आमच्या मतालाही समजले नाही.

हसण्यावारी नेण्यासारखे सगळेच नाही. एनआरसीचा कारखाना चालू होता तेव्हा कॉलनीतून पौर्णिमेला एकाच टेम्पोत सगळे जायचे. शिंदेवहिनी नारळ घ्यायच्या, खालाजान चादर. २००९ मध्ये कारखाना बंद पडला, माणसे पांगली. आता पौर्णिमेला गडावर बंदोबस्त असतो आणि आया मुलांना म्हणतात, "पौर्णिमा टळू दे, पुढच्या गुरुवारी जा."

वर पोचल्यावर आमच्या सातवीतल्या पोराने चिठ्ठीची गोष्ट नीट ऐकून घेतली. मग विचारले, "अब्बा, तीनदा हरल्यावर ते लोक घरी गेले की पुन्हा सलाम करायला आत गेले?"

"आत गेले असतील," आम्ही म्हणालो. "एवढे चढून आल्यावर कोण तसाच परत जाईल?"