जाऊन विचारू की!

हे लिहू की नको, असं गेले कित्येक महिने चाललं होतं. बसायचे, दोन ओळी लिहायचे आणि पुसून टाकायचे. आज मात्र लिहायचंच असं ठरवलंय. आमच्या घरातली मंडळी हे वाचणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. रागावू नका, आणि वाचून झाल्या झाल्या सगळ्यांनी एकदम फोन करू नका. मी बरी आहे. थोडे पैसे गेले, थोडी अक्कल आली.

पण सुरुवात जरा मागून करते, १९७९ सालापासून.

तेव्हा मी वाई तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेत नुकतीच लागले होते. मराठी आणि भूगोल शिकवायचे. माझ्या वयाच्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. जिकडे तिकडे एकच विषय, स्कायलॅब! अमेरिकेने १९७३ साली ही प्रयोगशाळा अंतराळात सोडली होती. वजन सुमारे ७७ टन. अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिच्यात राहून आल्या आणि १९७४ नंतर ती रिकामीच फिरत होती. पुढे सूर्यावरची खळबळ वाढली, त्या उष्णतेने वरची विरळ हवा फुगली, तिचं घर्षण वाढलं आणि स्कायलॅब अपेक्षेपेक्षा लवकर खाली यायला लागली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा गावात पोचलं होतं ते एवढंच, की आकाशातून काहीतरी अवाढव्य पडणार आहे आणि कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही.

मग काय! कुणी म्हणे पृथ्वीच बुडणार. घरात होत्या नव्हत्या त्या कोंबड्या लोकांनी कापून खाल्ल्या. एका गृहस्थाने तर खतासाठी ठेवलेले पैसे मटणात घातले, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते त्या काकू मला घराबाहेर पडू देईनात. खोटं कशाला बोलू, मीही घाबरले होते. बी.ए. झालेली बाई, पण घाबरले होते.

त्या आठवड्यात वर्गात निम्मी मुलं नव्हती. जी होती तीही छपराकडे बघत बसलेली. मी उगाच फळ्यावर काहीतरी लिहीत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, ते केवढं हाय? आणि पृथ्वी केवढी हाय?"

इतका साधा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता! कपाटातला पृथ्वीचा गोल काढला. म्हटलं, चला, डोळे मिटून गोल फिरवायचा, बोट टेकवायचं आणि बोटाखाली काय आलं ते सांगायचं. पाणी आलं तर फळ्यावर डावीकडे रेघ, जमीन आली तर उजवीकडे. पन्नास वेळा गोल फिरवला. छत्तीस वेळा बोट समुद्रात. उरलेल्या चौदांत वाळवंटं आली, बर्फ आलं, सैबेरिया आला. भारत एकदाच आला, आणि वाई तालुका त्या गोलावर दिसतसुद्धा नव्हता. मुलं हसायला लागली. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला.

११ जुलै १९७९ ला स्कायलॅब पडली. काही तुकडे हिंदी महासागरात, काही पश्चिम ऑस्ट्रेलियात. कुणाला खरचटलंही नाही. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावच्या नगरपालिकेने म्हणे अमेरिकेच्या नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोठावला! नासाने तो भरला नाही. शेवटी २००९ साली एका अमेरिकन रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो भरला. आमच्या गावात मात्र महिना उलटला तरी ते मटणवाले गृहस्थ खतासाठी उसने पैसे मागत फिरत होते. म्हणजे स्कायलॅबने नुकसान केलं नाही असं म्हणता येणार नाही. भीतीने मात्र केलं.

आता २०२५ च्या जानेवारीत या.

सकाळी साडेनऊची वेळ. चहा घेऊन झाला होता, पेपर हातात होता. फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीतून, अगदी अदबीने बोलत होता. माझ्या आधार कार्डावर दुसऱ्याच कुणी बँक खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, माझ्या नावाने वॉरंट निघालंय. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी गणवेश, मागे झेंडा, भिंतीवर बोधचिन्ह. एक कागद दाखवला, त्यावर माझं नाव, माझा पत्ता. "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. फोन ठेवायचा नाही. कॅमेरा बंद करायचा नाही. खोलीबाहेर जायचं नाही. मुलाला सांगितलंत तर त्यालाही उचलावं लागेल."

हे शेवटचं वाक्य लागू पडलं.

तुम्ही म्हणाल, बाई, पेपरात इतकं येतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये तर पंतप्रधानांनी 'मन की बात' मध्येही यावर सांगितलं होतं. हो, मी ते वाचलं होतं! वाचून "कसे लोक फसतात" असं म्हणालेही होते. पण दोन तास एकच माणूस आपल्या डोळ्यांत बघून बोलत राहिला, मधे पाणी प्यायला उठू दिलं नाही, विचार करायला श्वासभराची फट ठेवली नाही, की वाचलेलं काही आठवत नाही. आता वाटतं, त्यांनी मला नव्हे, माझं लक्ष तेवढं अटक केलं होतं. पण तेवढं पुरलं.

पडताळणीसाठी म्हणून मी फोनवरून अठ्ठेचाळीस हजार रुपये पाठवले. तपास संपला की परत मिळणार होते. पुढचं पाऊल होतं बँकेत जाऊन मुदत ठेव मोडायची. सहा लाख. माझी जन्माची शिल्लक. मी पासबुक शोधायलाही लागले होते.

तेवढ्यात मागच्या दाराने आमच्या कामाच्या मावशी आल्या. साडेअकराला येतात, पुढची बेल कधी वाजवत नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, रडताय कशापायी?"

मी तोंडावर बोट ठेवलं आणि पुटपुटले, "पोलीस आहेत."

"कुठं?"

"फोनात."

मावशींनी वाकून फोनात बघितलं. मग सरळ म्हणाल्या, "पोलीस फोनात कशाला बसंल? चौकी हितं मागं हाय. जाऊन विचारू की!"

बस्स. एवढंच. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. आणि एकतीस वर्षं मुलांना "प्रश्न विचारा रे" म्हणून सांगणारी मी पासबुक शोधत होते.

फोन बंद केला आणि तशीच घरातल्या साडीवर त्यांच्याबरोबर चौकीत गेले. तिथल्या मुलाने (मला आता सगळेच मुलगे वाटतात) आधी पाणी दिलं, मग १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावून दिला. भारतातल्या कुठल्याही कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्टच नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं. तक्रार लवकर गेली म्हणून एकोणीस हजार वाटेत अडवता आले, ते काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले. सहा लाख वाचले.

पण खरं दुखणं पुढेच होतं. मी कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. तो पुण्यात, त्याला काळजी नको, हे स्वतःला द्यायचं कारण. खरं कारण लाज. आणि फोनची अशी धास्ती बसली, की तो टेबलाच्या खणात ठेवायला लागले. अनोळखी नंबर दिसला की छातीत धडधड. नातीचे फोनसुद्धा चुकायला लागले.

त्या नातीनेच मला खणातून बाहेर काढलं म्हणायचं. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. राकेश शर्मा १९८४ साली गेले तेव्हा मी शाळेत मुलांना रेडिओवरून बातम्या ऐकवल्या होत्या. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी हे. नात आठवीत. तिचा रोज फोन, "आजी, स्थानक आज तुमच्याकडून दिसणार आहे, गच्चीत जा!" गच्चीत जायचे, पण आमच्याकडचा पाऊस! शुक्ला जुलैत परत आले तरी आम्हाला ढगांशिवाय काही दिसलं नाही.

दिवाळीत ती आली आणि माझ्या फोनवर नासाचं 'स्पॉट द स्टेशन' हे अ‍ॅप घालून दिलं. एका संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीत उभ्या राहिलो. तिने सांगितलेल्या मिनिटाला वायव्येकडून एक ठिपका वर आला. विमानासारखा लुकलुकत नाही, आवाज नाही, शांतपणे सरकत येतो. स्वतःचा उजेडही नाही, आपल्याकडे सूर्य मावळला तरी त्या उंचीवर ऊन असतं, ते त्याच्यावर चमकतं. उंची सुमारे चारशे किलोमीटर. म्हणजे वाईहून नागपूर त्याहून लांब, फक्त नागपूर आडवं आणि हे उभं! वेग तासाला सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर, दीड तासात पृथ्वीला एक फेरी. डोक्यावरून पलीकडे गेलं आणि अर्ध्या आकाशातच विझलं. "पृथ्वीच्या सावलीत गेलं," नात म्हणाली. चार-पाच मिनिटांचा खेळ. त्या चार-पाच मिनिटांत माझ्या हातात फोन होता आणि मला भीती वाटत नव्हती, हे खाली आल्यावर लक्षात आलं.

"आजी, हे पण पडेल का?"

पडेल. म्हणजे पाडणार आहेत. साधारण २०३० नंतर मुद्दाम यान जोडून ते पॅसिफिक महासागराच्या निर्मनुष्य भागात उतरवण्याची योजना आहे. हे सांगता सांगता स्कायलॅब निघाली, मग ते खतवाले गृहस्थ, तो गोल, मागच्या बाकावरचा मुलगा. आणि कसं कोण जाणे, जानेवारीतली गोष्टही तिला सांगून बसले. ती पहिलीच.

ती एवढंच म्हणाली, "बाबाला सांगितलंस?"

तिच्यापुढे नाही म्हणताना जी लाज वाटली ती आधीच्या लाजेपेक्षा मोठी होती. दुसऱ्या दिवशी मुलाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता ओरडणार. मग म्हणाला, "आई, गेल्या वर्षी माझे बावीस हजार गेले. शेअरच्या एका ग्रुपमध्ये, वर्षात दुप्पट म्हणून. तुला कसं सांगू म्हणून बोललो नाही."

घ्या! आई मुलापासून लपवतेय, मुलगा आईपासून. आणि असले चोर जगतात ते आपल्या याच गप्प बसण्यावर.

म्हणून हे लिहिलं. आता आमच्या घरात एक कागद कॅलेंडरशेजारी चिकटवला आहे. माझ्याच अक्षरात, मोठा. त्यावरचं इथे उतरवते, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

घाई करणारा फोन आला की ठेवून द्यायचा. उद्धटपणा वाटला तरी चालेल. बँकेचं काम असेल तर पासबुकावरच्या नंबरला आपण फोन करायचा.

पैसे हलवायच्या आधी एका जिवंत माणसाला सांगायचं. मुलगा नसेल तर शेजारीण, शेजारीण नसेल तर मावशी. "कुणाला सांगू नका" असं जो म्हणेल तो चोर, मग गणवेश कुठलाही असो.

फोनला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. मुदत ठेवी दुसऱ्या बँकेत, फोनपासून लांब. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

दामदुप्पट म्हटलं की ७२ ला व्याजदराने भागायचं. सात टक्क्याने साधारण दहा वर्षं लागतात. वर्षात दुप्पट म्हणणारा तर शंभर टक्के व्याज देतो म्हणतोय. ते कुठून आणणार, हे त्यालाच विचारायचं. (हे मुलासाठी!)

आणि रोज थोडा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एकाच गोष्टीकडे बघायचं. मी संध्याकाळी आकाशाकडे बघते. लक्ष आपल्या ताब्यात ठेवायचीही सवय लागते, एरवी ते कुणीही उचलून नेतं.

हे सगळं काल मावशींना वाचून दाखवलं. भांडी घासता घासता ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "एवढं लिवायला काय झालं, बाई? इचारायला तर गेलो आपण."

असो. त्यांचं बरोबर आहे.