व. पुं.च्या नावावरचा फ्रॉक

दर वर्षी डिसेंबर संपत आला की माझ्या ब्लॉगवर गर्दी सुरू होते. ती माझ्यासाठी नसते, गंगासागरसाठी असते.

२०१२ च्या संक्रांतीला अमरावतीहून चुलत सासू-सासरे आले होते. त्यांना सागरस्नान करायचं होतं, आणि आम्हा दोघांनाही सोबत जाणं जमत नव्हतं. म्हणून मी कागदावर वाट लिहून दिली. सियालदाहून नामखान्याकडे जाणारी लोकल, काकद्वीपला उतरायचं, तिथून लॉट नंबर आठचा घाट, लाँचने मुरीगंगा ओलांडून कचुबेडिया, मग पुढे बस. ओहोटीला पाणी उतरलं की लाँच तासन्‌तास अडकते, तेव्हा पोळी-चटणी सोबत असू द्या. मंडळी सुखरूप परतली, आणि जाताना काकूंनी तो घडी पडलेला कागद मला परत दिला, "कुणाच्या कामी येईल" म्हणाल्या. मी तो जसाच्या तसा टाइप करून टाकला. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम.

त्याच थंडीत मी तीन आठवडे खपून वाजिद अली शाहवर लिहिलं होतं. अवधचं राज्य १८५६ मध्ये गेल्यावर हा नवाब आमच्या इथे, म्हणजे कोलकात्याच्या गार्डन रीच-मेटियाब्रुज भागात, येऊन राहिला, इथेच त्याने दुसरं लखनौ वसवलं, प्राणिसंग्रहालय उभारलं, आणि १८८७ मध्ये इथल्याच सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्याला पुरलं. लेख एकेचाळीस जणांनी उघडला. त्यातले निम्मे माझ्या माहेरचे. गंगासागरचा कागद मात्र अजून दर जानेवारीत हजारोंनी उघडला जातो. माझ्या लिखाणाच्या धंद्याचा पाया म्हणाल तर हा, पोळी-चटणीचा.

मी नागपूरची. मोतीबागेकडच्या रेल्वे वस्तीत वाढले. आमच्याकडची जुनी माणसं अजून 'बीएनआर'च म्हणतात, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. त्या कंपनीचं मुख्यालय गार्डन रीचला होतं, आता तिथे दक्षिण पूर्व रेल्वेचं आहे. हे, म्हणजे माझे यजमान, खडगपूरहून बदलून इथे आले ते २०१० साली. क्वार्टर मिळालं, मुलगा शाळेत जाऊ लागला, आणि मी दिवसभर रिकामी. बांगला कळायची, बोलता येत नव्हती. बोलायला मराठी माणूस हवा तर हाजऱ्याच्या महाराष्ट्र निवासापर्यंत जायचं. बस खिदिरपूरला पोचली आणि जहाजासाठी पूल वर उचललेला असला की बसा तासभर. अशा वेळी बसमध्ये बसून मनात वाक्यं जुळवायची सवय लागली. ब्लॉग त्यातून २०११ मध्ये सुरू झाला.

पहिली दोन वर्षं मी बहुतेक वेळा व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, रसगुल्ला आणि दुर्गापूजा हेच लिहीत होते. पुण्याहून चार दिवसांसाठी आलेला माणूसही तेच लिहितो, आणि फोटो माझ्यापेक्षा बरे काढतो. रोज रात्री भांडी आवरून झाली की मी आकडा बघायची. सात. अकरा. एकदा शंभराच्या वर गेला तर ह्यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, "छान," आणि कूस बदलली.

तेव्हा आग्र्याच्या अमित अगरवालांचं नाव सगळे घ्यायचे. २००४ पासून घरी बसून तंत्रज्ञानावर लिहितात आणि त्यावर पोट भरतात म्हणून. ते इंग्रजीत लिहीत होते हे मी सोयीस्करपणे विसरले. जाहिरातींच्या गूगलच्या व्यवस्थेत हिंदी आली तीच २०१४ च्या डिसेंबरात, मराठीची पाळी त्याच्या कितीतरी नंतर. मराठी घेऊ लागले तेव्हा पत्ता तपासण्यासाठी त्यांनी पिन नंबरचं पाकीट टपालाने पाठवलं. पोस्टमनने ते चुकून ऑफिसात नेऊन दिलं, आणि "मिसेसच्या नावानं गूगलचं पत्र" ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत. शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. माझे साठायला चौदा महिने लागले, आणि त्यातही सिंहाचा वाटा गंगासागरचाच. भाजीवाल्याचा हिशेब भागला म्हणायचा.

गर्दी कशी जमते हे मला दुसऱ्यांदा कळलं ते बर्गींमुळे. शेजारच्या काकिमा मला लाडाने 'बर्गी' म्हणतात. अठराव्या शतकात बंगालवर चाल करून आलेले मराठे स्वार म्हणजे बर्गी. पोरांना झोपवताना इथे अजून त्यांची भीती घालतात. ती फौज आमच्याच नागपूरच्या रघूजी भोसल्यांची, आणि तिच्या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, मराठा डिच. हे सगळं मी काकिमांच्या बाजूने लिहिलं. दोन दिवसांत एवढी माणसं आली की पान उघडेना. बहुतेक जण मला शिव्या घालायला आलेले. मी मराठीच नाही असंही काहींनी ठरवून टाकलं. लेखाच्या शेवटी सखाराम गणेश देऊस्करांवर दोन परिच्छेद होते. देवघरजवळच्या करौंचा हा मराठी घरातला माणूस बांगलात लिहायचा, 'देशेर कथा' हे त्याचं १९०४ चं पुस्तक स्वदेशीच्या चळवळीत घरोघर गेलं, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. खंदकापलीकडून आलेल्या माणसाला बंगाल्यांनी आपला लेखक मानलं, एवढंच मला सांगायचं होतं. तिथवर कुणी पोचलंच नाही. एक ओळखीचे संपादक फोनवर म्हणाले, "असंच लिहीत राहा, आकडे बघा की!" आकडे बघितलेच होते. आठवड्यानंतर त्यातला एकही माणूस परत आला नव्हता.

मग वाचक कुठून आले? खरं सांगायचं तर माझ्या चुकांमधून.

बीएनआरवर लिहिताना मी ठोकून दिलं होतं की १८८७ मध्ये कोलकाता-नागपूर गाडी सुरू झाली. नवाब गेला त्याच साली रेल्वे आली, हे वाक्य मला फार आवडलं होतं. गोंदियाच्या एका निवृत्त गार्डसाहेबांची टिप्पणी आली. 'ताई, कंपनी १८८७ ची. नागपूर-आसनसोल लाईन पुरी झाली १८९१ मध्ये. कलकत्त्यात गाडी शिरायला आणखी वेळ लागला. तुमचं वाक्य चांगलं आहे, पण गाडी आधी लाईन टाकल्यावरच चालते.' मी चूक दुरुस्त केली, त्यांचे आभार खाली छापले. चार दिवसांनी त्यांनी छोट्या लाईनवर, गोंदिया-नैनपूरच्या जंगलातल्या रात्रपाळ्यांवर एवढं लिहून पाठवलं की मला तीन भाग करावे लागले. ते वाचून डोंगरगडहून कुणी आलं, इतवारी स्टेशनाजवळ राहणारं कुणी आलं. ज्यांच्या वडिलांच्या, आजोबांच्या पगाराच्या कागदांवर 'गार्डन रीच' छापलेलं असायचं आणि ज्यांनी गार्डन रीच कधी पाहिलेलं नव्हतं, अशी ही माणसं. मी त्यांना हावडा ब्रिज दाखवत बसले होते!

सुरीनाम घाटाचंही तसंच. आमच्या इथून जवळच हा घाट आहे. 'लल्ला रूख' नावाचं जहाज १८७३ मध्ये कोलकात्याहून गिरमिटिया मजुरांना घेऊन सुरीनामला गेलं, त्याची आठवण म्हणून २०१५ मध्ये सुषमा स्वराज यांच्या हस्ते इथे 'माई-बाप' स्मारकाचं अनावरण झालं. धोतर-साडीतलं, गाठोडं घेतलेलं जोडपं. मी लिहिलं, गिरमिटियांचं पहिलं जहाज हे. हेगमध्ये राहणाऱ्या एका मराठी बाईंनी कळवलं की मॉरिशसला जहाजं १८३४ पासूनच जात होती, तुम्ही जवळजवळ चाळीस वर्षं गाळलीत. त्यांच्या शेजारीण आजींचे पणजोबा सुरीनामला गेलेले. त्या आजींना माझा लेख त्या डचमध्ये समजावून सांगत होत्या, आणि आजी मध्येच विचारत होत्या, घाटावर आता पायऱ्या आहेत का? मी जाऊन पायऱ्यांचे फोटो काढले. भर उन्हात. त्या फोटोंना आकडा विचाराल तर दोन.

पैसे मात्र यातून मिळत नव्हते. ते इकडून तिकडून यायचे: बांगलातून मराठी अनुवाद, एका मालिकेची उपशीर्षकं, कधी नागपूर-वर्ध्याकडच्या मंडळींना मेटियाब्रुज फिरवून आणणं. एका मराठी संकेतस्थळाने वर्षभर सदर लिहून घेतलं आणि नऊ लेखांचे पैसे अजून द्यायचे आहेत. नाव नाही सांगत. सांगून ते देणार नाहीत.

आता फ्रॉकची गोष्ट.

मेटियाब्रुज आमच्या हाकेच्या अंतरावर. गल्लीगल्लीत शिलाई मशिनी. नवाबाबरोबर आलेल्या शिंप्यांपासून हा धंदा सुरू झाला असं इथले लोक सांगतात. कारखानदाराला ओस्तागर म्हणतात. कापड त्याचं, कटाई एकाकडे, शिलाई दुसऱ्याकडे, आणि मणी-टिकल्या लावायला माल घराघरांत बायकांकडे जातो. शेवटी हाटात ढीग लागतात आणि देशभरचे व्यापारी गठ्ठे बांधून नेतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईची मुलगी छोट्या फ्रॉकांवर पाच पाकळ्यांचं मण्यांचं फूल लावायची. मधला मणी मुद्दाम वेगळ्या रंगाचा. पैसे डझनावर. २०१७ च्या दिवाळीत मी नागपूरला भाचीसाठी इतवारीत फ्रॉक घेत होते, आणि दुकानदाराने समोर टाकलेल्या फ्रॉकच्या छातीवर तेच फूल. मधला मणी वेगळा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "बंबईचा माल आहे, बाई." भाव वाढलाय का, तर जीएसटीमुळे.

परतल्यावर एका बैठकीत ते लिहून काढलं. आठशे शब्द. पंधरा दिवसांनी मामींनी माझाच लेख मला फॉरवर्ड केला. वर लिहिलं होतं, 'वाचा, डोळ्यांत पाणी येईल' आणि खाली, 'व. पु. काळे'. व. पु. २००१ मध्ये गेले. लेखात जीएसटी होता. मी मामींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मोठा लेखक होता, त्याला आधीच दिसलं असेल." त्यानंतर तो लेख मला अकरा जणांनी पाठवला. एकदा पु. लं.च्या नावानेही. कुठेतरी माझंही नाव घाला, म्हणून मी काही गटांवर लिहिलं. उत्तर आलं, 'लेखकाला नावाचा एवढा सोस कशाला?' खूप चिडले होते. मनात कुठेतरी सुखावलेही होते, खोटं कशाला बोलू. पण ब्लॉगवर त्या लेखामुळे एक माणूस वाढला नाही. वाढणार कसा? तो व. पुं.ची पुस्तकं शोधायला गेला.

वाचक किती, हे मला नेमकं कळलं ते २०२० च्या मे महिन्यात. २० तारखेला अम्फान चक्रीवादळ आलं. कॉलनीतली जुनी झाडं मुळासकट आडवी झाली, खिडक्या फुटल्या, वीज गेली ती पाचव्या दिवशी आली. फोन लागत नव्हता. वीज आल्यावर मेल उघडली तर त्रेसष्ट जणांनी एकच प्रश्न विचारला होता, 'ठीक आहात ना?' गार्डसाहेबांनी चार वेळा. हेगच्या बाईंनी 'घाटाच्या पायऱ्यांसह' असं लिहिलं होतं. महिन्याला पंचवीस-तीस हजार जण येतात असं तोवर मी जाहिरातदारांना सांगत असे.

त्या त्रेसष्ट जणांना मी पावसाळ्यात पत्र लिहिलं. दर पंधरवड्याला गार्डन रीचहून एक लांब पत्र ईमेलने पाठवीन, वर्षाला पाचशे रुपये. हे म्हणाले, फुकट मिळतं त्याचे पैसे कोण देईल? अठ्ठेचाळीस जणांनी दिले. पुढे त्यांनी आपापल्या भावाला, मैत्रिणीला सांगितलं. आता चारशेच्या आसपास आहेत. वाढ हळूच, एकेक करून, मुंगीच्या पावलांनी. जाहिराती मी काढून टाकल्या, फक्त गंगासागरच्या पानावर ठेवल्या. तिथे येणारा घाईत असतो, त्याला त्रास नाही.

ते पान मात्र दर वर्षी ताजं करावं लागतं. गाड्या बदलतात, भाडी बदलतात. या जानेवारीतही पहाटे एका यात्रेकरूचा निरोप आला. यवतमाळहून निघालेले, म्हातारी आई सोबत, आत्ता काकद्वीपला उतरलोय, लाँच आहे का? मी नवऱ्याला उठवलं, त्यांनी भरती-ओहोटीची वेळ बघून दिली. नऊनंतर पाणी चढेल, आईंना चहा पाजा, घाई करू नका, असं कळवलं. संध्याकाळी त्यांचा पुन्हा निरोप. आईचं स्नान झालं, फार उपकार झाले, आणि मग, 'ताई, तुम्ही आणखी काय लिहिता?'

तेरा वर्षांत गंगासागरच्या माणसाने हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्यांना फ्रॉक पाठवला.

रात्री उत्तर आलं. 'छान आहे. पण ताई, हा व. पुं.चा ना?'