कपिलधारेची वाट

बीडहून मांजरसुंब्यामार्गे कपिलधारेकडे पावसाळ्यात दुचाकीस्वारांचे जथे निघतात. बालाघाटाच्या डोंगरातील ही वाट जितकी रम्य, तितकीच सावधगिरीची. धुळे-सोलापूर महामार्गावर अवजड वाहने अखंड धावतात. तेथे स्वारांनी एकाच रेषेत न चालता एकाआड एक डावी-उजवी बाजू धरावी. वळणावर मात्र एकेरी रांग करावी. पुढच्याने ओलांडलेल्या खुणेपाशी किमान 2 सेकंदांनी पोहोचावे. ओल्या रस्त्यावर हे अंतर दुप्पट ठेवावे. नवखा स्वार म्होरक्याच्या मागे, अनुभवी सर्वांत शेवटी असावा. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवेच. कोणी मागे पडल्यास त्याने वेग वाढवून जथा गाठण्याचा प्रयत्न करू नये. पुढच्यांनी सुरक्षित जागी थांबावे. मन्मथस्वामींच्या समाधीपाशी शेवटचा स्वार येईपर्यंत जथा पोहोचला असे समजू नये.