पाच व्होल्टचा टेल

रायचूरहून आलेली ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूरशी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्यात मिळालं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी वीज एकाच ठेक्यात, सेकंदाला पन्नास हेलकाव्यांनी धावते. चादर, गड्डा, शेंगाचटणी यांवर सोलापूरकर भरभरून बोलतो; या जोडाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला तो आठवतो रात्री, व्हिडिओ गेमचं जुनं मशीन उघडून बसलो की. गावाबाहेर सात लाख पासष्ट हजार व्होल्ट, आणि इथं हातभर अंतरावर पाच पोहोचेनात.

मशीन एका बंद पडलेल्या पार्लरचं. आत ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’चा बोर्ड. कॅपकॉमनं १९९३ ला काढलेल्या या गेमचं खरं नाव आमच्यात कुणी घेतलंच नाही. टोपीवाला मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा, म्हणून अख्खा गेमच ‘मुस्तफा’! आता तो चार पावलं चालतो आणि थिजतो. कधी धड एका कोपऱ्यात, पाय दुसऱ्यात. कधी मशीन आपणहून पहिल्यापासून सुरू होतं.

“लाइट डिम असंल, स्टॅबिलायझर लाव,” शेजारचे काका म्हणाले. काकांनी जन्मभर पावरलूम चालवले. त्यांना प्रत्येक दुखण्याचं मूळ व्होल्टेजमध्येच दिसतं. या वेळी ते निम्मे बरोबर होते. दुखणं व्होल्टेजचंच, पण खांबावरचं नव्हे. मशीनमधला एसएमपीएस, म्हणजे बोर्डाला वीज पुरवणारा डबा, दोनशे तीसचे दोनशे दहा झाले तरी पाचाचे पाचच देतो.

मीटर लावला. एसएमपीएसच्या तोंडाशी ५.० व्होल्ट, अगदी चोख. तीच तार धरून बोर्डापर्यंत गेलो, तर ४.७. या जातीच्या जुन्या चिपना ४.७५ ते ५.२५ च्या मधलं लागतं. त्याखाली त्यांना शून्य आणि एक यांतला फरक नीट कळेनासा होतो. उजनीच्या कालव्यावरही असंच असतं: गेटपाशी पाणी पूर्ण सोडल्याची नोंद, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल.

मधे गळतं कुठं? बोर्ड ज्या कनेक्टरमध्ये बसतो त्याला छप्पन्न संपर्क असतात. जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ संघटनेनं १९८५ मध्ये ही मांडणी ठरवून दिली, म्हणून कुठलाही जामा बोर्ड कुठल्याही जामा मशीनमध्ये चालतो. पाच व्होल्टला आणि परतीच्या ग्राउंडला त्यात एकाहून जास्त संपर्क दिलेत, भार वाटून जावा म्हणून. वर्षानुवर्षांच्या दमट हवेनं, धुळीनं काही काळे पडले की उरलेले तापतात. तीन अँपियरच्या वाटेत ओहमचा दहावा हिस्सा अडथळा आला, की ०.३ व्होल्ट गेले. लोक लाल तार तपासतात आणि काळी सोडून देतात. निम्मी गळती पुष्कळदा परतीच्या वाटेवरच असते.

एसएमपीएसवर एक छोटा स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की व्होल्टेज चढतं आणि मुस्तफा पळू लागतो. बरेच मेकॅनिक एवढंच करून पैसे घेतात. मला हा इलाज पटत नाही. खराब संपर्क तसाच तापत राहतो, प्लॅस्टिक करपतं. आणि पुढं कुणी तो संपर्क घासून लख्ख केला, तर चढवलेलं सगळं व्होल्टेज थेट चिपांवर.

त्यापेक्षा खोडरबरानं बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हातानं घासाव्यात, स्पिरिटनं पुसाव्यात, लाल-काळ्या दोन्ही तारा जाड टाकाव्यात. फुगलेले कपॅसिटर बदलावेत. प्लग काढल्यावरही हात जपून: एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरात सव्वातीनशे व्होल्ट दबा धरून असतात आणि पिक्चर ट्यूबमध्ये हजारो.

कुणाच्या माळ्यावर असं मशीन असेल, चित्र विस्कटतं म्हणून भंगारात द्यायचं ठरलं असेल, तर आधी मीटर बोर्डावर लावून बघा. ते जुने मूळ बोर्ड आता कुणी बनवत नाही. कनेक्टर अजून नवा मिळतो.