सासूबाईंच्या माहेरची वाट

आमच्या घरात एक जुनीच अडचण आहे. ह्यांचा कारखाना भोसरीला, म्हणून ह्यांची सुटी गुरुवारी. माझी शाळा अर्धवेळ का होईना, पण तिची सुटी रविवारी. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी घरांत हेच रडगाणे असेल. "एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ या" असे म्हणता म्हणता आमची अकरा वर्षे गेली. शेवटी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी ठरवले, की आपण दोघीच जायचे. दोघी म्हणजे मी आणि सासूबाई.

कुठे जायचे, हे मी त्यांनाच विचारले. वाटले होते, आळंदी म्हणतील. त्या म्हणाल्या, "माणला नेतेस का? पण घरी नाही जायचं. नदीपर्यंत नुसतं चालत जाऊन येऊ."

माण हे त्यांचे माहेर. तिथे त्या कैक वर्षांत गेलेल्या नव्हत्या. का, ते पुढे येईलच.

माण म्हटले, की आता लोकांना हिंजवडीच्या काचेच्या इमारतीच आठवतात. पण गाव मुळशी तालुक्यातले, भातखाचरांचे. आम्ही चिंचवडहून निघून डांगे चौकात बस बदलली. एरवी ह्या बसमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नाही. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेल्या मुलामुलींची खच्चून गर्दी असते. रविवारी मात्र कंपन्या बंद, त्यामुळे दोघींना खिडकीजवळ जागा मिळाली. २०२५ साली तिकिटे वाढली तरी दोघींचे जाणे-येणे रिक्षाच्या एका फेरीपेक्षा स्वस्तच पडते, बरं का! वाकडचा पूल गेला आणि पुढे मेट्रोचे खांब सुरू झाले. सासूबाई ते मोजू लागल्या आणि चाळीसच्या पुढे कंटाळल्या. म्हणाल्या, "आम्ही हिंजवडीला म्हातोबाच्या बगाडाला बैलगाडीतून यायचो. आता गाडी उभी करायला जागा तरी आहे का?"

गावठाणात उतरलो. परतीच्या बसची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी, म्हणजे संध्याकाळी जीव टांगणीला लागत नाही. टेकडी चढायची हौस असेल तर भोईरवाडीची बाजू धरावी. आम्ही मात्र चांदे-नांद्याकडची वाट धरली, कारण मुळा नदी त्या अंगाला आहे.

पहिली पंधरा मिनिटे काही सुखाची नव्हती. सिमेंटच्या गाड्या, धूळ, आणि दोन्ही बाजूंना विटकरी पत्र्यांची कुंपणे. मला वाटले, उगीच आणले ह्यांना. पण मग एक वळण आले, आणि पत्रे संपून खाचरे सुरू झाली. काही खाचरांत भाताच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या, तर काहींत कापणी अजून चालू. कापलेल्या भाताला एक गोडसर, ओलसर वास येतो. शहरात तो कशालाच नाही. बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उरले होते, सोनकी सुकत चालली होती. तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले. सासूबाई आता माझ्या पुढे चालत होत्या. गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे! बांधावरून कसे चालायचे हे मला त्यांनी शिकवले: पाऊल आडवे टाकायचे, खाली बघायचे नाही.

एका ठिकाणी त्या थांबल्या. पुन्हा पत्र्याचे कुंपण होते, आत मातीचे ढीग. "इथं आमची विहीर होती," त्या म्हणाल्या. "ह्याच विहिरीत मी पोहायला शिकले. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून दादानं ढकललं होतं." पत्र्याच्या फटीतून त्यांनी बराच वेळ पाहिले. विहीर दिसली नाही. बुजवली असावी.

२००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत लग्न झालेल्या मुलीचाही मुलाइतकाच हक्क झाला. त्यानंतरच्याच वर्षी त्यांच्या भावाचे बोलावणे आले. साडीचोळी झाली, जेवण झाले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. सासूबाई चौथी शिकलेल्या. सही छान करतात. कागद वाचून मात्र कुणी दाखवला नाही, आणि विचारले तर भावाला वाईट वाटेल, म्हणून त्यांनीही विचारले नाही. पुढे जमीन विकली गेली ती त्यांना परक्यांकडून कळली. भांडण झाले नाही. नुसते जाणे थांबले.

नदीवर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. एका उंबराखाली बसून पोळी-भाजी खाल्ली. (पोळ्या डब्यात न भरता सुती फडक्यात गुंडाळून न्याव्यात, घाम धरत नाही.) सासूबाई पाण्यात पाय सोडून बसल्या, मी दगडाला टेकून चक्क झोपले. भर दुपारी, उघड्यावर, कुणाच्या चहाची वेळ डोक्यात नसताना झोपण्याचा हा माझा लग्नानंतरचा पहिलाच प्रसंग!

परतताना गावठाणात त्यांच्या भावजयीने आम्हाला ओळखले. "वन्सं!" अशी हाक आली आणि मग इलाज राहिला नाही. ओटीवर बसलो, चहा घेतला. भाऊ बाहेर आले नाहीत. आतून खोकल्याचा आवाज येत होता. निघताना भावजयीने पिशवीत नवा तांदूळ घातला. सासूबाईंनी नको म्हटले नाही, आणि आत वाकूनही पाहिले नाही.

घरी आल्यावर दोघींच्या लुगड्या-साडीचे काठ कुसळांनी भरलेले! मैत्रिणींनो, कुसळे बोटांनी उपटत बसू नका. साडी ताणून धरून त्यावरून फणी उलट्या दिशेने फिरवली, की सुटून येतात. नवा तांदूळ लावताना पाणी कमी घालायचे हे मी विसरले आणि भात गिच्च झाला, तरी सगळ्यांनी दोनदा मागून खाल्ला.

रात्री झाकपाक झाल्यावर सासूबाईंनी ट्रंक उघडायला लावली. तळाशी, लग्नातल्या शालूखाली, त्या हक्कसोडपत्राची प्रत होती. "तू बी. ए. झालीस ना? वाच," त्या म्हणाल्या. मी हळूहळू, अर्थ सांगत सांगत, सगळे वाचले. गट नंबर, चतुःसीमा, झाडे. विहिरीचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगितली.