रोजच्या वाटेची पहिली रोड बाइक
पहिली रोड बाइक निवडताना फ्रेमचं माप आधी पाहावं. दांडी दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर वर दोन-तीन बोटं जागा उरली, म्हणजे माप जमलं. मग टायर. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. तशा सलग डांबरी रस्त्यावर 25 मिलिमीटरचा टायर सुसाट पळतो. ऑफिसच्या वाटेवर मात्र खड्डे, गतिरोधक आणि बाभळीचे काटे. तिथे 28 ते 32 मिलिमीटरच बरा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रिम ब्रेकमध्ये अडकतो, डिस्क ब्रेकला तो त्रास कमी. डबा न्यायचा तर फ्रेमला कॅरिअर-मडगार्डची भोकं हवीत. वऱ्हाडी उन्हाळ्यासाठी दोन बाटल्यांची सोयही.