निमकी-पावकीचें नवें काम

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें आलें, रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे गेले, आणि निमकी, पावकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे शाळांतून हळूहळू मावळले. आमच्या अहिल्यानगरच्या घरीं मात्र मातोश्रींचा हट्ट असा कीं, दिवेलागणीस परवचा म्हणावयाचा तो निमकी-पावकीसह. शिकलेलीं माणसें हंसत; मुलें रडत रडत म्हणत.

त्यांतलाच आमचा एक पुतण्या आज जिल्ह्यांतील एका पतसंस्थेचें संगणकांचें जाळें सांभाळतो. संगणकाचा पत्ता म्हणजे टिंबांनीं तोडलेले चार आंकडे. त्याच्या संस्थेस केवळ शेवटचा आंकडा वांटावयाचा होता. तो ० पासून २५५ पर्यंत, म्हणजे घरें २५६. मुख्य कचेरींत सत्तर यंत्रें, म्हणून तिला निमा वांटा, १२८. संगमनेरास पाव, ६४. उरलेल्या ६४ चे पुन्हां निमे करून राहुरीस व पारनेरास बत्तीस-बत्तीस. येथें निम्म्याचें निम्में, त्याचेंही निम्में, एवढाच व्यवहार. तीन सारखे वांटे मागाल तर मिळावयाचे नाहींत. प्रत्येक वांट्याचें पहिलें घर त्या वांट्याच्याच नांवाचें व शेवटचें सर्वांस एकदम हांक मारण्याचें, म्हणून ६४ पैकीं कामास येतात ६२. मोठा वांटा आधीं काढावा, कारण १२८ चा वांटा ० वर किंवा १२८ वरच बसतो. (शेताच्या वांटणींत एवढें शहाणपण सर्वांस सुचतेंच असें नाहीं.)

यंत्रास मात्र वांटा न सांगतां, तो २५६ मधून वजा करून उरेल तो ‘मास्क’ सांगावयाचा: ६४ साठीं १९२, ३२ साठीं २२४. जुन्या रुपयाचे पैसे ६४ व पै १९२ होत, हा निव्वळ योगायोग. पण मातोश्रींस तो फार आवडला असता.

गेल्या वर्षीं संगमनेर शाखेंतील एक खिडकी अकस्मात् बंद पडली. बाहेर ठेवीचें व्याज नेणाऱ्या वृद्धांची रांग, आणि पुतण्या एस्. टी. त उभा, एका हातानें दांडी धरून. फोनवर त्यानें दोनच आंकडे विचारले. पत्ता १७०, मास्क २२४. २५६ मधून २२४ गेले, राहिले ३२. बत्तिसाची पांचपट १६०. म्हणजे तें यंत्र १६० ते १९१ एवढेंच आपलें अंगण समजत होतें, आणि बाहेर जाण्याचा दरवाजा तर १२९ वर! “१९२ घाला,” तो म्हणाला, रांग हलली.

शाखेंतील तरुणानें मागाहून विचारलें, “साहेब, हें कोणत्या ॲपवर पाहिलेंत?” पुतण्यानें त्यास पावकी लिहून पाठविली. त्या बिचाऱ्यास तो शब्दच ठाऊक नव्हता.